त्या बिल्डिंगीतली मोहरी

मावशीच्या धाकट्या पोराच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या विधीला, भन्तेजी किसा गोतमीची गोष्ट सांगणार हे आम्हाला सगळ्यांनाच माहिती होतं. म्हातारं माणूस गेलेलं असलं की 'अनिच्चा वत संखारा', म्हणजे सगळं अनित्य आहे ही गाथा, झाल्यावर आईवडिलांच्या सेवेवर चार शब्द असतात, आणि तरणंताठं पोर गेलेलं असलं की गोतमी. वस्तीतल्या बायकांना ती तोंडपाठ आहे, तरी सावत्थीच्या गल्ल्या आल्या की पदर डोळ्याला जातोच. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ती किडकिडीत बाई, तिला बुद्धांनी सांगितलं की मोहरी आण, चिमूटभर चालेल, फक्त ज्या घरात कधी कोणी मेलेलं नाही अशा घरातली आण. मोहरी सगळ्यांकडे होती आणि मरणही सगळ्यांकडे होतं. भन्तेजी चांगलं सांगतात, उगाच आवाज चढवत नाहीत. मांडवाला लागूनच रस्ता, रिक्षांचे हॉर्न चालूच, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती वाऱ्याने सारखी विझत होती आणि एक पोरगा दर वेळी उठून ती पेटवत होता. जलदान झालं. वाटी भरून ताटात सांडेपर्यंत पाणी ओतायचं असतं, मावशीने ओतलं, तिचा हात जरासुद्धा हलला नाही. ही माझी सख्खी मावशी नाही, आईची मावसबहीण, पण आई गेल्यापासून सख्खीच म्हणायची.

मग पंगती बसल्या. मांडवाच्या मागे आचारी वरणाला फोडणी देत होता, मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची, त्या ठसक्याने दोन बायका खोकायला लागल्या. मावशी पांढऱ्या साडीत खुर्चीवर बसली होती, कोणीतरी तिच्यापुढे ताट धरलं होतं आणि दोन घास तरी खा म्हणून मागे लागलं होतं. ती त्या कढईकडे बघत होती. आणि एकदम म्हणाली, "त्या बिल्डिंगीत भेटली असती की मोहरी."

आम्हाला पहिल्यांदा कळलंच नाही. कोणीतरी म्हणालं, काय पाहिजे मावशी, मोहरी पाहिजे?

"चौदा माळे हायेत तिथं," ती म्हणाली. "एका तरी घरात कोणी असं मेलंय का? इचारून या. पोतंभर भेटंल."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकतेय, विहारात, आकाशवाणीवर, बुद्धजयंतीच्या नाटकात तर एकदा गोतमीचं काम मीच केलं होतं, कडेवर गुंडाळलेली उशी घेऊन. इतक्या वर्षांत मला कधी वाटलं नाही की या गोष्टीला असं उत्तर असू शकतं. मरण सगळ्या घरांत असतं हे खरं, पण हे मरण, सेप्टिक टँकमध्ये उतरून गुदमरून मरण्याचं मरण, ते काही ठरावीक घरांतच असतं आणि त्या घरांचे पत्ते आपल्याला न विचारता सांगता येतात.

तिचा धाकटा खरं तर त्या कामाला नव्हताच. तो ड्रेनेज लाईनच्या गाडीवर हेल्पर, पाईप ओढणं, झाकण उचलणं एवढंच. त्या दिवशी त्या चौदा माळ्यांच्या सोसायटीच्या टाकीत आधी दुसरा पोरगा उतरला, तो खाली गेला आणि त्याचं बोलणं बंद झालं. वरून हाका मारल्या, हालचाल नाही, आणि हा त्याला काढायला खाली गेला. मास्क नाही, दोर नाही, पट्टा नाही. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडचा प्रकार भयंकर आहे, थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, म्हणजे माणसाला वाटतं आता बरंय. असे अपघात वाचले तर त्यांत हा दुसरा माणूस बऱ्याचदा सापडतो, पहिल्याला वाचवायला उतरलेला. पेपरात दोन इंचाची बातमी आली, 'दोघा कामगारांचा गुदमरून मृत्यू'. कोण कोणासाठी उतरला हे दोन इंचांत बसत नाही.

कायदा आहे. 2013 चा आहे, माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे त्यात. सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये मरणाऱ्याच्या घरच्यांना दहा लाख द्यायला सांगितले, 2023 मध्ये ते तीस लाख केले. वस्तीतल्या पोरांना हे आकडे माहिती आहेत, मोबाईलवर सगळं असतं. उतरतात तरी, कारण कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे.

आता मला इगतपुरीबद्दल बोललं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. आई कॅन्सरने गेली त्यानंतर मी तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला गेले होते. अण्णांना ते अजिबात पटलं नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, जुन्या वळणाचे भीमसैनिक. त्यांचं म्हणणं, डोळे मिटून बसल्याने काळारामाचा दरवाजा उघडला होता का, आणि बसल्याने उघडला असता तर 1930 ला सत्याग्रह कशाला करावा लागला असता. बाबासाहेबांना उघड्या डोळ्यांचा बुद्ध आवडायचा, हे ते मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आले तेव्हाही सांगत होते. सोडायला मात्र आले.

पावसाळा होता. पहाटे चारला घंटा, अंधारात ओल्या फरशीवरून चपला ओढत हॉलमध्ये जायचं, बाहेर धुकं इतकं की पुढच्या बाईची शाल तेवढी दिसायची. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुडीच्या खाली, वरच्या ओठावर तो कुठे लागतो ते. बोलायचं नाही, कोणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, फोन जमा. मग चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघणं, आणि त्यानंतर अधिष्ठान, म्हणजे तासभर हात, पाय, डोळे न हलवता बसायचं. माझा डावा गुडघा असा पेटला की वाटलं आतून कोणीतरी तापलेला खिळा ठोकतंय. गोयंका गुरुजींचा तो घोगरा आवाज टेपवरून येतो, बघा, फक्त बघा, हेही बदलणार आहे. आणि खोटं कशाला बोलू, एका क्षणी तो खिळा खरंच सुटा झाला. दुखणं तिथेच होतं, पण त्याच्यावरचा माझा राग, माझं 'मीच का', आईच्या शेवटच्या महिन्यात मी तिच्यावर खेकसले होते त्याची टोचणी, हे सगळं दुखण्यापासून वेगळं झालं आणि बाजूला उभं राहिलं. मी रडले, आवाज न करता, अधिष्ठान न मोडता. दहाव्या दिवशी मेत्ता शिकवतात, सगळ्यांचं मंगल होवो, तेव्हा हॉलमधल्या शंभरेक अनोळखी बायकांबद्दल मला जे वाटलं ते अजून आठवतं. घरी आले आणि अण्णांना म्हटलं, तुम्ही पण जाऊन या. ते म्हणाले, माझा गुडघा आधीच दुखतो.

संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, दोन बाणांचं सुत्त आहे. अडाणी माणसाला एक बाण लागतो आणि लगेच त्याच जागी दुसराही, पहिला शरीराच्या वेदनेचा आणि दुसरा मनाने त्यावर केलेल्या आकांताचा. शहाण्या श्रावकाला एकच लागतो. इगतपुरीत माझा दुसरा बाण निघाला, निदान बराच बाहेर आला. आई साठीत गेली, डॉक्टरांनी जमेल ते केलं, आम्ही जमेल ते केलं, तिथे बाण मारणारा कोणी नव्हता. तिथे गोतमीची मोहरी लागू पडते, मला पडली. पण मावशीला मी कुठल्या तोंडाने सांगू की ही फक्त संवेदना आहे, बघ तिच्याकडे? सुत्तात पहिला बाण कोणी मारला ते नाही, कारण तिथे तो प्रश्नच नाही, आजारपण, म्हातारपण, ऊन, भूक हे सगळं त्यात येतं. मावशीच्या बाबतीत पहिला बाण मारणाऱ्याने महिन्याच्या बिलात पैसे वाचवले आहेत.

त्याच पंगतीत एक पाहुणे होते, शिकलेले, मोठ्या हुद्द्यावरचे, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मावशीला समजवा, केसबिस कशाला, पोरगा परत येणारय का. आणि वर विषारी बाणाचा दाखला दिला. तो माणूस, ज्याला बाण लागलाय आणि तो म्हणतो आधी मला सांगा बाण कोणी मारला, क्षत्रियाने की ब्राह्मणाने की शूद्राने, उंच होता की बुटका, धनुष्य कसलं होतं, मगच बाण काढू देईन, आणि तेवढ्यात मरून जातो. मी तिथे काही बोलले नाही, ताटं वाढायची होती. पण घरी येऊन मी ते परत वाचलं. बुद्ध तो दाखला मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूला देतात, आणि त्याचे प्रश्न काय आहेत तर जग शाश्वत आहे की अशाश्वत, ते अंत असलेलं आहे की अनंत, तथागत मेल्यानंतर असतो की नसतो. हे प्रश्न घेऊन बसू नकोस, जखम बघ, एवढंच तिथे आहे. चौदा माळ्यांच्या टाकीत माणूस कोणाच्या सांगण्यावरून उतरला हा प्रश्न त्या यादीत कुठेच नाही. आणि समजा एकाच धनुष्यातून रोज बाण सुटतायत, आज इथे, उद्या तिथे, तर नुसते बाण उपटत बसणारा वैद्य किती दिवस पुरणार? या गोष्टींचा उपयोग लोक नको तिथे तोंड बंद करायला करतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

अण्णांना मी मावशीचं वाक्य सांगितलं. ते बराच वेळ पंख्याकडे बघत बसले आणि मग उठून कपाटातून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून आणला, पुठ्ठा सुटलेली प्रत, आणि प्रस्तावनेतलं ते पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. वाच म्हणाले. मी वाचलं होतं आधी, परीक्षेसारखं, बौद्धांच्या घरात ते सगळेच वाचतात. पण यावेळी वेगळं दिसलं. बाबासाहेब तिथे सरळ विचारतात की ही चार आर्यसत्यं मूळ बुद्धाच्या शिकवणीतली आहेत की नंतरच्या भिक्खूंनी घातलेली. जगणं दुःख, मरण दुःख, पुन्हा जन्म तोही दुःख, असं असेल तर माणसाला आशा कसली उरली? एवढ्या मोठ्या धर्माच्या पायाच्या दगडालाच हात घालायचा, तोही तो धर्म घेताना, याला काय छाती लागत असेल. ते पुस्तक त्यांच्या हयातीत आलं नाही, 1957 ला आलं. पण मला त्या पानावर अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. हे लिहिणाऱ्या माणसाने स्वतःची चार लेकरं पुरली होती. शेवटचा राजरत्न, 1926 मध्ये. गोतमीचं दुःख त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, तो तिच्या रांगेतलाच होता, चौपट होता. आणि तरी तो म्हणतो की दुःख म्हणजे फक्त हे नव्हे. त्यांच्या पुस्तकातला बुद्ध सारनाथला पाच परिव्राजकांना सांगतो की माझ्या धम्माचा मध्यबिंदू माणूस आहे आणि या पृथ्वीवर माणसाचं माणसाशी नातं काय असावं हे आहे. लेकरं गेलेल्या बापाने हे लिहिलंय हे लक्षात घेतलं की ते वाक्य कोरडं राहत नाही.

अण्णा म्हणाले, "बाई बरोबर बोलली. एवढंच."

बाबासाहेबांना म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून सिद्धार्थाने घर सोडलं हेसुद्धा पटत नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा बघितला नसेल हे शक्य आहे का, असा त्यांचा रोकडा सवाल. त्यांनी रोहिणी नदीचं भांडण घेतलं, शाक्य आणि कोलियांचं, शेताला पाणी आधी कोणी घ्यायचं यावरून. सिद्धार्थ संघात उभा राहून युद्धाला नाही म्हणतो, मतदानात हरतो, आणि मग परागंदा व्हायला तयार होतो. त्यांच्या आधी आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनीही गृहत्यागाचा असाच वेगळा विचार केला होता आणि त्यासाठी सुत्तनिपातातलं अत्तदण्ड सुत्त पुढे आणलं होतं. बुद्धाच्या धर्माच्या शोधात साखवाळसारख्या गावातलं घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पालथा घालणारा माणूस, पाली शिकायला भिक्षू झालेला, त्याने त्या एवढ्या साहित्यातून नेमकी ही गाथा उचलावी याचं मला फार वाटतं. त्यात बुद्ध स्वतःबद्दल बोलतो. मला संवेग कसा झाला, म्हणजे मी आतून कसा हादरलो, ते सांगतो, म्हणतो. थोड्या पाण्यात मासे तडफडतात तशी माणसं तडफडताना पाहिली, एकमेकांच्या विरुद्ध उठलेली पाहिली, आणि माझ्या मनात भीती शिरली. 'फन्दमानं पजं दिस्वा मच्छे अप्पोदके यथा'. मग पुढे म्हणतो की त्यांच्या काळजात एक बाण रुतलेला दिसला, दिसायला कठीण असा.

मासे कमी पाण्यात. हे मी उन्हाळ्यात वालधुनी नदीच्या डबक्यात बघितलेलं आहे, म्हणजे नदीला नदी म्हणायचे तेव्हा. एकमेकांच्या अंगावर चढतात, तोंडं वर काढतात, वरचा मासा काही खालच्याचा वैरी नसतो, पाणीच नसतं. आणि पाणी का नसतं तर वरच्या अंगाला कोणीतरी अडवलेलं असतं. मला वाटतं बुद्धाला दोन्ही दिसलं होतं, काळजातला बाणही आणि आटलेलं पाणीही. एकाच सुत्तात ते चारच ओळींच्या अंतराने येतात. पुढच्या लोकांनी वाटून घेतलं, कोणी बाण घेतला, कोणी पाणी. इगतपुरीवाले आणि अण्णा गेली कित्येक वर्षं माझ्या घरात भांडतायत ते यावरूनच.

करुणेबद्दल तर मी यानंतर काही दिवस नुसती चिडलेली होते. बुद्धपौर्णिमेला स्टेटसला करुणा, ऑफिसात ध्यानाच्या वर्कशॉपात करुणा, सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांसाठी करुणा. टाकीत दुसऱ्यासाठी उतरलेल्या पोराबद्दल मात्र लोकांचं म्हणणं काय, तर अक्कल नव्हती. अक्कल नव्हती असं आमच्याच नात्यातल्या एकाने म्हटलं. मग मला अजिंठ्याची आठवण झाली. सतरा नंबरच्या लेणीत महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या आधीच्या वानरजन्माची गोष्ट, रंगवलेलं आहे. त्यातली पुलाची गोष्ट सगळ्यांना माहिती असते, वानरांचा राजा स्वतःच्या अंगाचा पूल करतो ती. दुसरी कमी सांगतात. रानात वाट चुकलेला एक माणूस खोल दरीत पडतो, कपारीत अडकतो, आणि बोधिसत्त्व वानर होऊन त्याला वर काढतो. कॉलेजच्या ट्रिपला गेलो होतो तेव्हा गाईडने टॉर्च मारून दाखवलं होतं, काळपट झालेल्या भिंतीत वानराचं अंग तेवढं उजळलं, गर्दी मागून ढकलत होती, दोन मिनिटंही बघू दिलं नाही.

पण त्या गोष्टीत एक तपशील आहे जो मला नंतर वाचताना सापडला. वानर लगेच उडी मारून माणसाला पाठीवर घेत नाही. आधी त्या माणसाच्या वजनाचा दगड शोधतो, तो पाठीवर बांधून चढून बघतो, आपल्याला झेपेल का, पाय घसरेल का. सराव झाल्यावर मग माणसाला आणतो. बोधिसत्त्वसुद्धा रिहर्सल करतो! जीव द्यायला तयार असलेलं, साक्षात पारमिता, म्हणजे बुद्ध होण्यासाठीचे गुण, पूर्ण करणारं ते वानर, आणि तरी आधी दगड. त्या जातककथा रचणाऱ्या लोकांना माहिती होतं की खाली उतरण्याचंसुद्धा तंत्र असतं, आणि ते माहिती असणं करुणेतच धरलेलं आहे. आमच्या पोराकडे बाकी सगळं होतं. दगड त्याला कोणी दिला नाही. दोर, मास्क, गॅस मोजायचं ते यंत्र, वर उभा राहणारा एक शहाणा माणूस, हे सगळं त्याच्या हातात देणं हीसुद्धा कोणाची तरी करुणा असायला पाहिजे होती, आणि ती स्टेटसला टाकता येत नाही, तिची पावती फाडावी लागते. (गोष्टीत पुढे वाचलेला माणूस झोपलेल्या वानराच्या डोक्यात दगड घालतो, भूक लागली म्हणून. आणि रक्तबंबाळ वानर झाडांवरून उड्या मारत त्याला तरीही रानाबाहेरची वाट दाखवतं. हे मला अजून पचत नाही. अण्णांना तर अजिबात नाही, ते म्हणतात ही गोष्ट दगड घालणाऱ्यांनीच लिहिली असणार.)

किसा गोतमीकडे परत येते. मावशीच्या त्या वाक्याने गोष्ट मोडली असं मला आधी वाटलं होतं, आता तसं वाटत नाही. बुद्धांनी गोतमीला समोर बसवून सांगितलं असतं की बाई, सगळे मरतात, तर ती उठून पुढच्या वैद्याकडे गेली असती. त्यांनी तिला दारं वाजवायला लावली. प्रत्येक दारात कोणीतरी बाहेर आलं, मोहरी द्यायला तयार झालं, मग म्हणालं आमचा बाप गेला, आमची सून गेली, आणि दोघी उंबऱ्यावर उभ्या राहून बोलल्या असतील. तिला जे औषध मिळालं ते त्या उंबऱ्यांवर मिळालं. आता मावशी त्या बिल्डिंगीत गेली तर? आधी गेटवर वॉचमन, रजिस्टरमध्ये नाव, कोणत्या फ्लॅटला जायचंय, मोबाईल नंबर. पोरगा गेल्यानंतर त्या चौदा माळ्यांतून एकही माणूस वस्तीत आला नाही. ती माणसं वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यातल्या अर्ध्यांना टाकी कुठे आहे तेसुद्धा माहिती नसेल. वस्तीत मात्र तेरा दिवस मावशीच्या घरी चूल पेटली नाही, भाकऱ्या बाहेरून येत होत्या, वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या जाडीच्या. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, तो आजारी भिक्खू आहे, हगवणीने आपल्याच घाणीत पडलेला, त्याला बुद्ध आणि आनंद स्वतः धुतात, एक डोक्याकडून आणि एक पायाकडून धरून खाटेवर ठेवतात, आणि बुद्ध बाकीच्यांना म्हणतात की तुम्हाला इथे ना आई ना बाप, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार. त्या भाकऱ्या बघून मला तेच आठवायचं, आणि लगेच रागही यायचा, की घाण धुणाऱ्यांनीच एकमेकांना धुवायचं का नेहमी.

मावशी केस लढवतेय. सोसायटी म्हणते कॉन्ट्रॅक्टर, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मी याला उतरायला सांगितलंच नव्हतं, हा आपल्या मनाने उतरला. म्हणजे बघा, त्याचं चांगुलपणच कागदावर त्याच्या विरोधात लावलंय. वस्तीतला एक वकील पोरगा फुकट बघतोय. मावशी तारखेला जाते तेव्हा पांढरी साडी नेसते, पर्समध्ये पोराचा आधार कार्डवाला फोटो, आणि निघताना त्रिसरण घेते. मी विचारलं, मनात काय येतं गं घेताना. ती म्हणाली, काय येणार, गाडी भेटंल का हे येतं.

मी विहारात रविवारी लहान पोरांचा धम्मवर्ग घेते. मागच्या खेपेला सुनीत नावाच्या भिक्खूची गोष्ट घेतली, मुद्दामच. थेरगाथेत, म्हणजे जुन्या भिक्खूंच्या गाथांत, तो स्वतःच सांगतो, हलक्या कुळात जन्मलो, गरीब होतो, वाळलेली फुलं नि निर्माल्य उचलून टाकायचं हलकं काम करायचो, लोक हिडीसफिडीस करायचे, आणि मी मान खाली घालून सगळ्यांना नमस्कार करत फिरायचो. मग एक दिवस मगधाच्या नगरात भिक्खुसंघासह बुद्ध येताना दिसले, त्याने खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि पुढे झाला, आणि बुद्ध म्हणाले, ये भिक्खू. पुढे तर पहाटे इंद्र आणि ब्रह्मा येऊन त्याच्यापुढे हात जोडून उभे राहतात. हा भाग पोरांना फार आवडतो, इंद्र हात जोडतो म्हटल्यावर टाळ्या वाजल्या.

मागे भिंतीला टेकून बसलेली एक पोरगी, चौथीतली असेल, तिने हात वर केला.

"ताई, मग ती कावड कोणी उचलली?"

म्हटलं, कोणती? "तीच, त्याने रस्त्यात ठेवली ती. दुसऱ्या दिवशी फुलं कोणी टाकली?" मी काही म्हणायच्या आत वर्गात दंगा सुरू झाला. एक म्हणाला त्याच्या भावाने उचलली असणार. दुसरा म्हणाला नाही, बुद्धांनी सगळ्यांनाच बोलावलं, भावाला पण. तिसऱ्याचं म्हणणं, मग राजाने मशीन घ्यायला पाहिजे होती, त्यावर बाकीचे हसले की तेव्हा कुठे मशीन असते येड्या. ती पोरगी हसली नाही. ती म्हणाली, ज्यांची फुलं होती त्यांनीच टाकायची ना. यावर पुन्हा भांडण, की राजवाड्यातली राणी कशी टाकेल, आणि का नाही टाकणार, हात नाहीत का तिला. तेवढ्यात खालून हाक आली की हॉल रिकामा करा, संध्याकाळी एकाच्या हळदीला दिलाय, खुर्च्या आल्यात.